हाळीचं उत्तर

माझ्या वडिलांना मी दिवसातून पाच वेळा फोन करायचे आणि पाचही वेळा तेच विचारायचे: जेवलात का, गोळी घेतली का, आत्ता कुठे आहात. आबा माले गावात एकटे राहतात. आई गेल्यापासून त्या घरात ते, दोन म्हशी आणि मागे ओढ्यापर्यंत उतरत गेलेली भातखाचरं, एवढंच. मी मारुंजीत सातव्या मजल्यावर राहते आणि शेजारच्या हिंजवडीत प्रोग्रॅम लिहिते. मध्ये दीड तासाचा रस्ता. आबा सत्तरी ओलांडलेले, रक्तदाबाची गोळी चालू. माझं म्हणणं, म्हशी विका आणि माझ्याकडे या. त्यांचं म्हणणं, लिफ्टनं खाली उतरून बघायचं काय, तर टेम्पो. या भांडणाचा निकाल लागत नव्हता, आणि तो लागेपर्यंत मी फोन करत होते.

"पोरी, मी काय शाळंत हाय का रोज हजेरी द्यायला?" एकदा ते वैतागले. "काय झालं तर सांगंन की मी."

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे ऑफिसातही सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे आमच्या टीमच्या प्रमुख मॅडम दर तासाला माझ्या टेबलापाशी येऊन विचारायच्या, "झालं का?" आणि मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचे, "झालं की सांगेन." वडिलांच्या ज्या वाक्याचा मला राग आला, तेच मी दिवसभर दुसऱ्याला ऐकवत होते. त्या वेळी मात्र हे लक्षात आलं नाही.

तेव्हा आमच्याकडे फुलशेतीच्या पॉलीहाउसचं काम आलं होतं. प्लास्टिकच्या छताखाली जरबेराचे वाफे आणि जागोजागी तापमान, ओल मोजणारी छोटी यंत्रं. त्यांचे आकडे मालकाच्या मोबाइलवर दिसले पाहिजेत, ही मागणी. मला येत होतं तसं मी लिहिलं. माझा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्राच्या दारात जाऊन विचारायचा, "काही नवीन?" यंत्र म्हणायचं, "नाही." मग पुढचं दार, पुन्हा "काही नवीन?", पुन्हा "नाही." दर काही सेकंदांनी हाच फेरा. एखाद्या यंत्राने उत्तर द्यायला वेळ लावला की माझा प्रोग्रॅम त्याच्या दारात ताटकळत उभा, आणि मागचं सगळं काम तुंबलेलं.

मॅडमनी तो वाचला आणि मला फळ्यापाशी बोलावलं. "तू का विचारत फिरतेस?" त्या म्हणाल्या. "ज्याच्याकडे बातमी आहे त्याला सांगू दे ना."

मग त्यांनी दोन चौकोन काढले. एक सांगणारा, एक ऐकणारा. आमच्या धंद्यात अशा चौकोनाला ऑब्जेक्ट म्हणतात: स्वतःची माहिती आणि स्वतःची कामं स्वतःजवळ बाळगणारी वस्तू, जिच्या पोटात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. ऐकणाऱ्याने एकदाच सांगणाऱ्याकडे जाऊन नाव नोंदवायचं आणि परत येऊन आपल्या कामाला लागायचं. वाट बघत उभं राहायचं नाही. काही आलं की सांगणाराच हाक मारेल. हाका तीनच प्रकारच्या. 'हे घे, नवीन' ही पहिली, ती कितीही वेळा यावी. दुसरी, 'बिघडलं.' तिसरी, 'संपलं.' या शेवटच्या दोहोंपैकी एक आली की पुढे एक अक्षर नाही. ऐकणाऱ्याला नको असेल तर त्याने आपलं नाव काढून घ्यावं, झालं.

मी त्या फळ्यासमोर आ वासून उभी राहिले. तेरा वर्षं प्रोग्रॅम लिहीत होते आणि सगळी तेरा वर्षं मी विचारतच फिरले होते. जगात जे जे एकामागून एक येत राहतं, ते सगळं या तीन हाकांत बसत होतं. फोनच्या घंटा बसत होत्या, पॉलीहाउसमधली ओल बसत होती, आमच्या ओढ्याचं पाणीसुद्धा. सांगणाऱ्याला ऐकणारा कोण ते माहीत नाही, ऐकणाऱ्याला पुढची हाक कधी येणार ते माहीत नाही, तरी दोघांचं सुरळीत चाललेलं. हे कुणाला तरी पहिल्यांदा सुचलं असेल, त्या माणसाला त्या रात्री झोप कशी लागली असेल, असं मला वाटलं. संध्याकाळी घरी जाताना मारुंजीच्या चौकात पाऊण तास गाडी अडकली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी हॉर्न वाजवला नाही.

आठवडाभरात मी सगळं नव्याने लिहून काढलं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ऑफिसात केलं ते घरीही लगेच करून बघायची मला घाई. रविवारी मालेला गेले आणि आबांना सांगितलं, "आजपासून मी विचारणार नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखं असेल तेव्हा तुम्हीच फोन करायचा."

"आत्ता कसं शानपनाचं बोललीस," आबा म्हणाले.

सोमवारी त्यांचे अकरा फोन आले. म्हशीनं बादली लवंडली. लाइट गेली. लाइट आली. कासार आंबोलीहून कुणी बंगलेवाला शेणखत विचारायला आला होता, त्याला म्हैस आणि रेडा यांतला फरक कळत नाही. मीटिंगमध्ये माझा फोन टेबलावर थरथरत राहिला आणि मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. आमच्या कामातही हे होतं. सांगणाऱ्याचा वेग जास्त झाला की ऐकणारा बुडतो, म्हणून मध्ये एक चाळणी बसवतात. मीही चाळणी लावली. "आबा," मी म्हटलं, "महत्त्वाचं असेल तेवढंच सांगा ना."

"बरं," ते म्हणाले. त्यांना वाईट वाटलं असणार, आज कळतं. मग फोन थांबले. दोन दिवस नाही, तीन दिवस नाही. मी डबा शांतपणे खाऊ लागले. काही झालं तर कळेलच, असं मनाशी म्हणायचे आणि मला फार हुशार वाटायचं.

भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. एका बुधवारी सकाळी सगळ्या टीमसमोर मी माझी रचना समजावून सांगत होते. कुणीतरी विचारलं, "यंत्राकडून काहीच आलं नाही तर?" मी ऐटीत म्हणाले, "तर ऐकणाऱ्याने निवांत राहावं. काही नाही याचा अर्थ काही झालेलं नाही." माणसांनी माना डोलावल्या. मॅडमनीही डोलावली, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

जेवायला बसले तेव्हा आबांच्या नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई अनोळखी होती आणि तिचा आवाज इतका खडा, की फोन नसता तरी तो हिंजवडीपर्यंत आला असता. "म्हाताऱ्याची पोरगी का गं तू? तुजा बा पडलाय खाचरात. पाय सुजलाय. जित्ता हाय, भिऊ नगं. पौडला दवाखान्यात नेत्यात."

पौडच्या दवाखान्यात पोचले तोवर घोट्याला प्लास्टर घातलं होतं. आबा सकाळी नऊला बांध बघायला गेले आणि पाय निसटून खालच्या खाचरात पडले. फोन घरात खिडकीत चार्जिंगला. आमच्या घरात रेंज तिथेच येते. दोन तास ते त्या चिखलात पडून होते. म्हणजे मी 'निवांत राहावं' म्हणत होते तेव्हाही.

फोनवरची बाई बाकावर पाय वर घेऊन बसली होती. डोंगरावरच्या वाडीतली. पाच-सहा गुरं घेऊन रोज आमच्या खाचरांच्या वरच्या टेकाडावर येते. तिचं वय तिलाही सांगता येत नाही. आबांना ती दादा म्हणते. रोज अकराच्या सुमाराला, टेकाडावर पोचली की ती खाली हाळी देते, "दादाऽऽ हो!" आणि आबा जिथे असतील तिथून ओरडतात, "व्हयऽऽ!" बस. त्यापुढे ती काही विचारत नाही आणि आबा काही सांगत नाहीत. लहानपणापासून मी हे ऐकत आले होते, आणि कावळा ओरडतो त्याहून जास्त लक्ष त्याकडे कधी दिलं नव्हतं. त्या दिवशी तिने तीनदा हाळी दिली. आबांनी उत्तर दिलंही होतं, पण ओढा भरून वाहत होता आणि त्यांच्या छातीत दम नव्हता. आवाज वर पोचला नाही. ती गुरं सोडून उतार उतरली, आबांना शोधलं आणि शेजारच्यांना हाका मारून खिडकीतला फोन मागवला.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू एवढं शिकून ही पोरगी वाया गेली. "कळायचं काय त्यात? मी वराडले, ह्यो वराडला न्हाई. बोलला न्हाई म्हंजी कायतरी हाय."

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि रडले. आबा वाचले म्हणून रडले, लाज वाटली म्हणूनही रडले. पण त्या रडण्याच्या तळाशी एक वेगळंच काही होतं, आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही: मी थक्क झाले होते. त्या सकाळी आबांची तीच शांतता आम्हा दोघींकडे आली होती. मला ती खुशालीची वाटली. तिने ती ऐकून गुरं सोडली. तिच्याकडे जास्तीचं काय होतं, तर ठरलेली एक वेळ. काही सांगायचं असो वा नसो, अकराला आवाज आलाच पाहिजे. त्यामुळे आवाज न येणं हीच तिच्यासाठी बातमी झाली. माझ्या तीन हाकांमध्ये ही जागा रिकामी राहिली होती.

ऑफिसात मी नवा नियम घातला. नवीन काही नसलं तरी ठरलेल्या वेळी सांगणाऱ्याने 'आहे' म्हणायचं; वेळ टळून गेली की ऐकणाऱ्याने ते 'बिघडलं' समजायचं. पॉलीहाउसमध्ये प्रत्येक यंत्राचे आकडे आधी एका पेटीत जमा होतात आणि ती पेटी ते आमच्याकडे पाठवते. यंत्रांच्या बॅटऱ्या वाचाव्यात म्हणून 'आहे' म्हणायचं काम मी त्या पेटीवर सोपवलं. सगळ्यांना पटलं.

आबा सहा आठवडे माझ्याकडे मारुंजीत राहिले. म्हशी शेजारच्यांनी सांभाळल्या. आबा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, आणि अकरा वाजले की गप्प व्हायचे. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. मी दारात आडवी उभी राहिले. आता तरी इथेच राहा, म्हटलं. पुन्हा पडलात तर? ते एवढंच म्हणाले, "हितं मी न पडता मरंन." मी दारातून बाजूला झाले. शेवटी मी एक अट घातली. त्यांच्या फोनवर मी एक छोटा प्रोग्रॅम टाकला. दर अर्ध्या तासाने तो फोन आपण होऊन मला 'ठीक' असा निरोप पाठवणार. "तुम्हाला काहीसुद्धा करायचं नाही," मी म्हणाले.

"मी कायबी न करता ठीक कसा?" आबांनी विचारलं. मी हसले आणि त्यांच्या खिशात फोन ठेवून त्यांना मालेला सोडून आले.

दर अर्ध्या तासाने 'ठीक' यायचं. मला बरं वाटायचं. भाताची झोडणी उरकल्यावर एका रविवारी मी मालेला गेले. आबा आत खाटेवर झोपले होते, मी अंगणात तांदूळ पाखडत होते. अकराला वरून हाळी आली, "दादाऽऽ हो!" त्यांना कशाला उठवायचं, म्हणून मी सूप खाली ठेवलं, उभी राहिले आणि गळा ताणून ओरडले, "व्हयऽऽ!" खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. बऱ्याच वर्षांनी मालेत माझा आवाज घुमला होता.

पंधरा मिनिटांनी मावशी अंगणात उभी. हातात काठी, धाप लागलेली.

"म्हातारा कुटं हाय?"

"आत झोपलेत. मी दिलं ना उत्तर, मावशी."

"तू दिलंस गं. त्यानं कुटं दिलं?"

आणि मला बाजूला सारून ती घरात गेली. खाटेपाशी वाकून आबांचा श्वास पाहिला, तांब्याभर पाणी प्यायली आणि गुरं वर एकटी आहेत म्हणून लगेच निघाली. माझ्यावर रागावली नाही. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. 'ठीक.' आबांच्या फोनचा निरोप. मी खिडकीकडे पाहिलं. तो फोन तिथे चार्जिंगला लावलेला होता.

त्या बुधवारी हा प्रोग्रॅम असता तर याच खिडकीतून साडेनऊला 'ठीक' आलं असतं, दहाला आलं असतं, साडेदहालाही. आबा चिखलात पडलेले असताना मला अर्ध्या अर्ध्या तासाने दिलासा मिळत गेला असता. एक बाई दुसऱ्याच गळ्यातलं उत्तर ऐकून अख्खा उतार उतरून खाली आली होती. मी मात्र एका यंत्राला माझ्या बापाच्या वतीने 'व्हय' म्हणायला शिकवलं होतं.

सोमवारी ऑफिसात मी एका यंत्राची बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि मॅडमना स्क्रीन दाखवली. यंत्र मेलेलं, पेटी सांगतेय, आहे. पाच मिनिटं गेली, आहे. मॅडमनी खुर्ची ओढली. मग आम्ही दोघींनी बसून ते बदललं. पेटीने निरोप नुसता वाहायचा. 'आहे' ज्याचं त्यानेच म्हणायचं, मग बॅटरी थोडी लवकर संपली तरी चालेल.

"हे कुठे वाचलंस तू?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गावाला," मी म्हणाले.

आबांच्या फोनवरचा प्रोग्रॅम मी काढून टाकला. आता ते अकराला मावशीच्या हाळीला उत्तर देतात आणि मग स्वतःच्या बोटाने मला मिस कॉल देतात. एक घंटा वाजते आणि थांबते. मी उचलत नाही. मारुंजीला चला हे म्हणणंही मी सोडलं होतं, म्हणजे ओठांवरून सोडलं होतं. मनातून पुरतं गेलं नव्हतं.

थंडीतल्या एका दिवशी अकरा वाजून गेले, घंटा नाही. अकरा पाचला मी गाडीची किल्ली हातात घेतली. अकरा दहाला फोन आला, आणि तो थांबेना. उचलला. आबा धापा टाकत होते.

"हाळी आली न्हाई," ते म्हणाले. "मी वर निघालोय."

तो चढ मला माहीत आहे. दगड सुटे आहेत, पाऊलवाट कशीबशी. आबांचा घोटा अजून संध्याकाळी सुजतो. 'जाऊ नका' हे शब्द माझ्या तोंडात तयार होते. जाऊ नका, मी कुणाला तरी पाठवते, सरपंचांना फोन करते, तुम्ही खालीच थांबा. गेली कित्येक वर्षं मी त्यांना ज्या सुरात बोलत आले, तोच सूर. पण वर कुणीतरी असंच पडलेलं असेल आणि तिची हाळी ज्याला रोज ऐकू येते असा माणूस जगात एकच होता. तो मारुंजीच्या गॅलरीत बसलेला असता तर आज तिथे कोण निघालं असतं?

"जा," मी म्हणाले. "काठी घ्या. पोचलात की सांगा."

मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. तासभर एकही घंटा झाली नाही. मी एकदाही फोन केला नाही. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही.

मग फोन वाजला.

"तापानं फणफणलीय," आबा म्हणाले. "वाडीवर तिच्या घरात कुणीच न्हवतं, समदी कामाला गेल्याली. जीपवाल्याला बलवलंय, पौडला नेतो."

"बऱ्या आहेत ना मावशी?" मी विचारलं.

"मी काय सांगू?" आबा म्हणाले. "थांब." फोन कुणाच्या तरी तोंडाशी धरल्याची खरखर झाली. मग तो खडा आवाज आला, आज घोगरा आणि अगदी बारीक झालेला.

"हाय गं बाय," मावशी म्हणाली. "हाय मी."